बालकांच्या हाती माती

जुन्या ठाणे जिल्ह्याच्या महसुली दप्तरात डहाणू तालुक्याच्या जमिनीचे जे वर्गीकरण आढळते, त्यात भातजमीन, वरकस, बागायत, कुरण आणि राखीव जंगल या सर्वांचा आकार आणि सारा यांचा हिशोब काटेकोरपणे मांडलेला असतो. परंतु वारल्याच्या कुडाच्या झोपडीसमोर, पागोळीच्या आत-बाहेर, जो हातभर तुकडा पावसाळ्यात पडवळ, दुधी आणि काकडी यांच्या वेलांनी भरून जातो, त्याची नोंद कोणत्याही जमाबंदीत नाही. त्या तुकड्याची मशागत बहुधा घरातील बाया आणि पोरे करतात. या प्रदेशातील बालकांचा मातीशी आलेला संबंध हा त्या नोंद नसलेल्या तुकड्याचा इतिहास आहे, आणि तो लिहावयाचा तर दप्तर बाजूला ठेवून अंगण, कुरण, रोपवाटिका आणि अखेरीस मडकी, कुंड्या व पत्र्याचे डबे यांच्याकडे वळावे लागते.

प्रथम प्रदेशाची ओळख थोडक्यात करून घेऊ. चिमाजी आप्पांच्या 1739 च्या मोहिमेत फिरंग्यांकडून मराठ्यांकडे आलेला हा डहाणूचा किनारा पुढे इंग्रजी अमलात ठाणे जिल्ह्याचा उत्तरेकडील भाग झाला. तलासरीचा मुलूख तेव्हा उंबरगाव तालुक्यात मोडत असे. 1960 साली द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, उंबरगाव गुजरातेत गेले, आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांचा तलासरी महाल बनविण्यात आला. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात समाविष्ट झाले. किनाऱ्यावर चिकूच्या वाड्या, मधल्या पट्ट्यात भाताची खाचरे, आणि पूर्वेस डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरई, असा येथील भूमीचा क्रम आहे. लोकवस्तीत वारली बहुसंख्य, त्यांच्यासमवेत धोडी, दुबळा, कातकरी आणि कोकणा. बाजारपेठेत मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानी पडतात.

वारल्याच्या मुलास बी आणि रोप यांचे नाते कोणी शिकवावे लागत नाही. भाताच्या रोपासाठी उन्हाळ्यात जो राब भाजतात, त्यातील गवत, पालापाचोळा, शेण आणि फांद्यांचे थर रचताना मूल आईबापांच्या मागेमागे असते. पाऊस सुरू होण्यापूर्वी त्या भाजलेल्या राखाडी जमिनीत बी टाकले जाते, पहिल्या सरीनंतर ते हिरवे होते, आणि आवणीच्या दिवसांत मुठीमुठीने उपटून खाचरात लावले जाते. राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा एकोणिसाव्या शतकात जंगलखाते आणि रयत यांच्यामधील इतका मोठा तंट्याचा विषय झाला होता, की 1885 साली मुंबई सरकारला त्याच्या चौकशीसाठी स्वतंत्र आयोग नेमावा लागला, आणि त्याच्या 1887 च्या अहवालात ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांतील राबाची विस्तृत चर्चा झाली. भाजलेल्या मातीतून तणाचे बी नष्ट होते, राखेमुळे जमीन मोकळी व सकस होते, आणि कोवळ्या मुळास वाट मिळते, हे जे ज्ञान अधिकाऱ्यांना साक्षीपुराव्यांतून जमा करावे लागले, ते पाड्यावरच्या आठ वर्षांच्या मुलास हाताच्या सवयीने अवगत होते.

परंतु पेरणाऱ्या हाताला कापणीचे फळ मिळण्याची शाश्वती मात्र या भूमीत पिढ्यानुपिढ्या नव्हती. खंड म्हणून धान्याचा मोठा वाटा सावकार-जमीनदाराकडे जाई. पावसाळ्यात उपासमार टाळण्यासाठी घेतलेल्या खावटीचे धान्य सुगीच्या वेळी वाढीव मापाने परत करावे लागे. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण लग्नगडी होऊन धन्याच्या दारी राबे, आणि वेठ तर सर्वांच्याच माथी होती. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा 1939 साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीवरील अहवाल या गोष्टींची सरकारी भाषेत, परंतु निःसंदिग्धपणे, साक्ष देतो. 23 मे 1945 रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली वेठबिगार न करण्याचा निर्धार तेथे झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन जेठ्या गांगड यांच्यासह पाच वारली मृत्युमुखी पडले. हे रक्त कोणत्या मागणीसाठी सांडले, याचे स्मरण ठेवल्याशिवाय या मुलखातील मुलाच्या हाती बियाणे देण्याच्या साध्या कृतीचा खरा अर्थ ध्यानात येत नाही, असे माझे मत आहे.

कारण त्याच 1945 साली, झरीपासून काही कोसांवर, बोर्डी येथे, ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. एकीकडे प्रौढ माणूस धन्यासमोर ताठ उभा राहण्यास शिकत होता आणि दुसरीकडे त्याचे अडीच-तीन वर्षांचे मूल प्रथमच कोणाच्या तरी शिक्षणविचाराचा विषय होत होते. या दोन चळवळींचे मार्ग व विचारसरणी अगदी भिन्न होत्या, परंतु एकाच वर्षी एकाच किनारपट्टीवर त्या उभ्या राहिल्या ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

ताराबाईंचा जन्म 1892 चा. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली जे बालमंदिर काढले होते, तेथे त्यांनी गिजुभाईंच्या सहकार्याने काम केले. 1926 साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढे दादर येथे शिशुविहाराचे काम उभे राहिले. बालकाला स्वतःच्या हाताने काम करू द्यावे, त्याच्या मोजमापाची साधने त्याला द्यावी, आणि रोप किंवा पशू यांची निगा त्याच्यावर सोपवावी, हा मारिया मॉन्टेसरी यांचा विचार ताराबाईंच्या ठायी मुरलेला होता. त्यापूर्वीही, 1837 साली, जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे फ्रेबेल यांनी आपल्या बालशाळेस बागेची जोड दिली होती, आणि त्यांच्या योजनेत प्रत्येक मुलास त्याचा स्वतःचा एक छोटा वाफा असे, तर त्या सर्व वाफ्यांभोवती सर्वांच्या सामाईक मालकीचे वाफे असत. स्वतःचा वाफा आणि सामाईक वाफा ही जी जोडी फ्रेबेलांनी योजली, तीत मला बालशिक्षणातील फार मोठी दृष्टी दिसते. मुलास मालकी आणि सहभाग या दोन्ही गोष्टी शब्दाविना कळाव्यात, याची ती व्यवस्था होती.

शहरातील ही मॉन्टेसरी पद्धती खेड्यात आणावयाची तर तिचा खर्च खेड्यास पेलणार नाही, हे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बोर्डीस आलेल्या ताराबाईंनी जाणले होते. हुजूरपागेतील अध्यापनाचा अनुभव गाठीस बांधून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते. बोलावूनही वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे पाहिल्यावर या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि ती अंगणवाडी झाली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे इथपासून आरंभ. आणि साधने म्हणावीत तर शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, काटक्या, माती. लाकडी दट्ट्यांच्या महागड्या पेट्यांचे काम चिकूच्या आणि चिंचेच्या बियांनी केले. 1956 च्या सुमारास केंद्राचे स्थलांतर कोसबाडच्या टेकडीवर झाले आणि तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना एका छत्राखाली आणणारी विकासवाडी आकारास आली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शिक्षक गुरांमागे गेले आणि कुरणशाळा भरली. गवत, किडे, पाखरे, झाडे हीच त्या शाळेची क्रमिक पुस्तके होती. त्याच टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषिशिक्षणाचे काम चालू होते, आणि 1976 पासून तेथे कृषिविज्ञान केंद्रही आहे. बालकाचे शिक्षण आणि मातीचे विज्ञान यांचा असा शेजार महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळेल.

आता मातीच्या पात्रात काही रुजविण्याच्या रिवाजाकडे वळू, कारण कुंडीतील शेती ही शहरी गच्चीवरची नवलाई आहे असा जो समज अलीकडे पसरला आहे, त्यास आपल्याच परंपरेत उत्तर आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना होते, तेव्हा पत्रावळीवर किंवा टोपलीत काळी माती पसरून तीत धान्य पेरतात, मधोमध घट मांडतात, रोज पाणी शिंपडतात, आणि नवव्या दिवशी वितभर वाढलेले पिवळट-हिरवे अंकुर दसऱ्याच्या दिवशी टोपीत किंवा वेणीत खोवतात. ही रोजची पाणी घालण्याची कामगिरी घरातील मुलांकडे असते. या किनाऱ्यावरील गुजराती घरांत आषाढात गौरीव्रताच्या वेळी मुली लहानशा पात्रात जव पेरून त्याची पाच दिवस पूजा करतात. दोन्ही रिवाजांत मुलाच्या हातून अंकुर उगवतो. फळ मात्र कोणत्याच रिवाजात अपेक्षित नाही.

व्यवसायातही पात्राचे स्थान होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोलवडच्या आसमंतात चिकूची लागवड सुरू झाली, पुढे पारशी, इराणी आणि इतर बागायतदारांनी ती वाढविली, आणि 2016 साली डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळाले, हे सर्वश्रुत आहे. त्या वैभवाच्या तळाशी असलेली कुंडी मात्र फारशी कोणास आठवत नाही. भेट कलमाची रीत अशी की, खिरणीची रोपे प्रथम कुंड्यांत वाढवावयाची, मग त्या कुंड्या मातृवृक्षाच्या फांदीच्या उंचीपर्यंत मांडवावर चढवून ठेवावयाच्या, रोपाचा आणि फांदीचा काप एकमेकांस भिडवून सुतळीने आवळावयाचा, आणि जीव एकजीव होईपर्यंत महिनोन्‌महिने त्या कुंडीतील ओल सांभाळावयाची. कुंडी सुकली की कलम गेले. ओल ना अधिक ना उणी राखण्याचे हे कसब वाडीवरच्या मजुरांच्या हाती होते, आणि त्या मजुरांत वारली स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने होते.

या पार्श्वभूमीवर मुलांनी पात्रात घ्यावे असे मी जे पीक सुचवितो, ते गाजर येथे पाहुणेच म्हणावे लागेल. दहाव्या शतकाच्या सुमारास इराण-अफगाणिस्तानच्या प्रदेशात जांभळ्या व पिवळ्या मुळांच्या रूपाने ते लागवडीत आलेले दिसते; तेथून ते पूर्वेस हिंदुस्थानात आणि पश्चिमेस युरोपात गेले, आणि सतराव्या शतकाच्या आसपास हॉलंडमध्ये त्याची नारिंगी वाणे स्थिर झाली. आपल्याकडील लांब, तांबडी, गोड देशी गाजरे ही पूर्वेकडील कुळातील. विलायती वाणांना फुलोऱ्यासाठी कडक थंडी लागते, म्हणून त्यांचे बी कुलू खोऱ्यातील कतराईसारख्या थंड ठिकाणी घेतात. देशी वाणांचे बी मैदानातही धरते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने देशी तांबडे गाजर आणि विलायती नँटेस यांच्या संकरातून काढलेले पुसा केसर हे वाण या दोन कुळांचा मिलाफ होय. महाराष्ट्रात गाजराचा मान पौषात असतो: भोगीच्या मिसळभाजीत ते हवे, आणि दुसऱ्या दिवशी संक्रांतीच्या सुगडात बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे व भुईमुगाच्या शेंगा यांच्याबरोबर त्याचे तुकडे घातल्याशिवाय वाण पुरे होत नाही. दसऱ्यास घट उठतात, आणि तेथून संक्रांतीपर्यंत जे तीनएक महिने जातात, तोच गाजराच्या वाढीचा काळ. पंचांगाने आणि पिकाने जणू संगनमत केले आहे.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील अंगणवाडीत किंवा शाळेत मुलांकडून हे पीक घ्यावयाचे, तर जमिनीपेक्षा पात्र बरे, याला कारणे आहेत. डोंगरपायथ्याची जमीन मुरमाड. तीत खडा लागला की गाजराचे मूळ दुभंगते, त्याला पाय फुटतात. किनाऱ्याकडे भातखाचराची चिकण माती. ती सुकली की आवळते आणि मूळ आखूड राहते. पात्रात मात्र माती आपल्या मनाजोगी करता येते: चाळलेली माती, तिच्या जवळजवळ निम्मी बारीक रेती, आणि पूर्ण कुजलेले, गंध गेलेले शेणखत. ताजे शेण घातले तरीही मूळ फाटते, हे मुलांच्या उत्साही हातांना आधीच सांगून ठेवावे. राबाची थोडी राख मिसळली तर उत्तम. आईबापांची विद्या येथे उपयोगी पडते, आणि ती विद्या आहे हे मुलास शाळेत प्रथमच कळते.

पात्र कोणतेही चालते, परंतु ते किमान एक फूट खोल असावे. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, काठ फुटलेले मडके, तोंड दुमडून बसकी केलेली सिमेंटची गोणी, यांपैकी काही ना काही प्रत्येक पाड्यावर मिळते. तळाशी छिद्रे पाडून त्यांवर खापरी ठेवावी, म्हणजे पाणी निथळते आणि माती वाहून जात नाही. बी अतिशय बारीक आणि केसाळ असते. ते तळहातांमध्ये कोरड्या रेतीबरोबर चोळून घेतले की एकमेकांस चिकटत नाही आणि चिमटीतून सारखे पडते. हे चोळण्याचे काम तीन वर्षांचे मूलही तन्मयतेने करते. बी अर्धा बोट खोल, जागच्या जागी पेरावे. भाताप्रमाणे रोप उपटून दुसरीकडे लावण्याची येथे सोय नाही, कारण हलविलेले मूळ वाकडे होते. मग वाट पाहणे आले. दहा ते पंधरा दिवस मातीवर काहीच दिसत नाही, आणि या काळात वरची माती एकदाही सुकता कामा नये; म्हणून ओले गोणपाट अंथरून ठेवतात आणि पहिला अंकुर दिसताच काढून घेतात.

यानंतर येते ती विरळणी, आणि बालशिक्षणाच्या दृष्टीने मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. दाट उगवलेल्या रोपांतून दोन-तीन बोटांचे अंतर ठेवून बाकीची उपटावयाची. ज्या मुलाने बी पेरले, त्यालाच आपली जिवंत रोपे काढावी लागतात. काही मुले नकार देतात, काही रडतात. आणि त्यांच्यावर सक्ती न करता अंगणवाडीच्या ताईंनी एका डब्यातील रोपे तशीच दाट ठेवावीत आणि दुसऱ्यातील विरळ करावीत, म्हणजे तीन महिन्यांनी दोन्ही डबे स्वतःच त्यांस उत्तर देतात. दुसरी कसोटी कुतूहलाची. गाजर मातीखाली वाढते, आणि मुलाला ते पाहावयाचे असते. वांगे किंवा मिरची डोळ्यांदेखत मोठी होते, गाजर होत नाही. उपटले तर वाढ संपली. वारल्याच्या मुलास रानातील करांदे आणि कडूकंद ठाऊक असतात, वेल सुकला की त्याच्या खुणेने खाली कंद खणावा हेही त्याने पाहिलेले असते, आणि म्हणून मातीखालच्या वस्तूवर विश्वास ठेवणे त्याला इतरांहून सोपे जाते. पाल्याच्या बुडाशी माती किंचित बाजूस सारून तांबड्या खांद्याची जाडी बोटाने चाचपावी आणि माती पुन्हा ओढून घ्यावी, एवढी मुभा मात्र द्यावी. त्याने पिकाची हानी होत नाही, उलट उघडा पडलेला खांदा हिरवा होऊ नये म्हणून माती ओढणे हितावहच असते.

पाण्याचा प्रश्न तलासरीच्या पूर्वभागात आणि डहाणूच्या डोंगरगावांत बिकट आहे; पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी समुद्रास मिळते आणि माघानंतर विहिरी तळ गाठतात. परंतु डब्यास लागणारे पाणी तांब्याभर. मध्यान्ह भोजनापूर्वी मुले हात धुतात, ते पाणी साबण लावण्याआधीचे वेगळे धरले तर अनेक डब्यांची तहान भागते. परसबागेचा उपक्रम आज राज्यातील शाळा आणि अंगणवाड्या यांत चालतो, तो पोषणाच्या हेतूने. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणात जन्मलेले नाव देशभरातील लाखो केंद्रांस मिळाले. तत्पूर्वी 1970 साली, अ जीवनसत्त्वाच्या अभावी येणारे अंधत्व टाळण्यासाठी मुलांना त्या जीवनसत्त्वाची मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता. गाजरातील कॅरोटिनापासून शरीर हेच जीवनसत्त्व बनविते, मात्र त्यासाठी जेवणात थोडे तेल हवे, म्हणून पेजेबरोबर नुसते कच्चे गाजर देण्याऐवजी भाजीस फोडणी देणे श्रेयस्कर. शेवग्याचा पाला, अळू आणि पिकलेली पपई यांतही हे द्रव्य आहे, आणि ही तिन्ही पाड्यावर फुकट मिळतात. म्हणून गाजरावाचून मुलांचे पोषण अडेल असे मी म्हणणार नाही. गाजराचे काम निराळे आहे. पेरणे, विरळणे, थांबणे आणि उपटणे या चारही क्रिया एकाच लहान हातून पूर्ण होणे, आणि उपटलेली वस्तू कोणाच्या मापात न जाता त्याच हाताने धुऊन खाल्ली जाणे, हे ते काम.

आणि येथेच आजची सर्वांत मोठी अडचण उभी राहते. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की या दोन्ही तालुक्यांतील असंख्य कुटुंबे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत परतणे नाही. ती फिटते उन्हाळ्याच्या अखेरीस. भट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात भोंगा शाळा चालविल्या, ही कुरणशाळेच्याच वाटेवरची गोष्ट होती. पण गाजराचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच असल्यामुळे, दसऱ्यास बी पेरणारे मूल संक्रांतीस डब्याजवळ नसते, आणि त्याचे गाजर दुसरेच कोणी उपटते. ज्या प्रदेशात पेरणाऱ्याच्या हाती पीक लागावे म्हणून माणसे मेली, तेथे ही गोष्ट लहान म्हणून सोडून देता येत नाही.

उपाय पात्रातच आहे. जमिनीतील वाफा श्रावणाच्या पावसात कुजेल, परंतु डबा पागोळीच्या आत, पडवीच्या कडेला सरकविता येतो. पुसा मेघाली हे वाण ऑगस्ट-सप्टेंबरच्या लवकर पेरणीस योग्य म्हणूनच काढलेले आहे. ते नागपंचमीच्या सुमारास पडवीत पेरले, पाऊस उघडताच डबे उन्हात आणले, तर दिवाळीपर्यंत ऐंशीएक दिवस मिळतात. थंडीवाचून रंग भरत नाही, म्हणून मुळे फिकट निघतील, आणि संक्रांतीच्या गाजराची गोडी त्यांस असणार नाही. तरी ती मुळे कोवळी असतात, आणि मुकादमाचा टेम्पो पाड्यावर येण्याच्या आत मुलांना ती स्वतः उपटता येतात. जी कुटुंबे गावीच राहतात, त्यांच्या मुलांसाठी दुसरी पेरणी दसऱ्यानंतर नेहमीप्रमाणे करावी. पहिल्या पेरणीतील डब्यांवर मात्र जाणाऱ्या मुलांची नावे खडूने लिहून ठेवावीत, आणि त्यांतील गाजरे त्यांच्याखेरीज कोणीही उपटू नयेत.